पाकीट फोडण्याआधी तीस पाने कापा

पोकेमॉनची कार्डे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. काहींनी जमवलीही असतील. शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात, आठवड्याच्या बाजारात, जत्रेत त्यांची चकचकीत पाकिटे टांगलेली दिसतात. पाकीट फोडायचे, आत काय निघाले ते पाहायचे, दोनदा निघालेले मित्राला द्यायचे आणि त्याच्याकडचे आपण घ्यायचे. बहुतेकांचा खेळ एवढ्यावरच संपतो. या कार्डांचा एक नियमबद्ध खेळ आहे आणि तो चांगलाच विचार करायला लावतो, हे कार्डे जमवणाऱ्या अनेकांच्या गावीही नसते.

ज्यांना ते ठाऊक असते, ते विचारतात, 'हा खेळ शिकायचा आहे, पहिले पाकीट कोणते घेऊ?' माझे उत्तर असे, की अजून एकही घेऊ नका. जुन्या वहीचे पुठ्ठे घ्या, कात्री घ्या आणि तीस पाने कापा. हा सल्ला काटकसरीसाठी तर आहेच, पण खरे कारण वेगळे आहे. विकतचे पाकीट हातात आले, की लक्ष चित्राकडे आणि चकाकीकडे जाते. खेळाचा जीव मात्र मोजण्यात आहे आणि मोजणे पुठ्ठ्याच्या पानांवर जास्त चांगले शिकता येते. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी घरच्यांच्या आक्षेपाविषयी. पत्ते म्हटले, की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. त्यांचे अगदीच चुकते असे नाही. पत्त्यांवर पैसे लावून घरे बुडालेली त्यांनी पाहिलेली असतात. पण १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यानेसुद्धा केवळ कौशल्याचे खेळ जुगारातून वगळले आहेत. शिवाय दहावीच्या गणितात ५२ पत्त्यांचा कॅट पिसून त्यातून एक्का येण्याची संभाव्यता विचारतात. जो पत्त्यांचा कॅट दप्तरात सापडला तर शिक्षा होते, तोच प्रश्नपत्रिकेत आला तर गुण मिळतात, ही आपल्या शाळांची एक गंमतच आहे. मला विचाराल तर जुगाराचा अंश या नव्या खेळातही आहे. फक्त तो डाव मांडल्यावर सुरू होत नाही; दुकानाच्या काउंटरवरच सुरू होतो. त्याविषयी पुढे लिहितो.

आता खेळाकडे वळू. मेंढीकोट, पाच-तीन-दोन, बदाम सात हे खेळ तुम्हाला येतात. या सर्वांत पाने एकच असतात आणि ती सर्वांना वाटून मिळतात. सावंतवाडीची गंजिफा पाहा. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने. एकूण १२० गोल पाने. पाच रंगांत दहाचे पान वरचढ, तर उरलेल्या पाचांत एकाचे, असा तिचा तिढा असतो. सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ही मरणपंथाला लागलेली कला सावरली, म्हणून ती पाने पुढेही रंगवली जात राहिली. या गंजिफेतसुद्धा खेळणाऱ्यांसमोर पाने तीच असतात. कोणती उतरली आणि कोणती उरली, हे लक्षात ठेवणारा जिंकतो.

जमवायच्या पत्त्यांच्या खेळात हीच गोष्ट उलटी केलेली आहे. येथे प्रत्येक भिडू स्वतःचा संच घरून घेऊन येतो. तुमच्या संचात काय आहे हे समोरच्याला माहीत नसते आणि त्याच्या संचात काय आहे हे तुम्हाला माहीत नसते. ही कल्पना रूढ केली ती 'मॅजिक: द गॅदरिंग' या १९९३ साली अमेरिकेत निघालेल्या खेळाने. त्याचा कर्ता रिचर्ड गारफिल्ड हा गणिताचा अभ्यासक होता. मांडण्या आणि निवडी मोजण्याचे जे गणित आहे, ते त्याचे क्षेत्र. पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ १९९६ साली जपानात आला. दोन्ही खेळांत साधारणपणे साठ पानांचा संच असतो, एका नावाची चारपेक्षा जास्त पाने चालत नाहीत आणि सुरुवातीला हातात सात पाने घेतात. म्हणजे डावातला अर्धा विचार डाव मांडण्याआधीच, संच बांधताना, झालेला असतो. बुद्धिबळात कोणते मोहरे घ्यायचे हे ठरवण्याची मुभा मिळाली असती तर कसे झाले असते, तशी ही गोष्ट आहे.

संच बांधताना मुख्य अडचण कोणती येते? या खेळांत काही पाने कमाईची असतात आणि काही खर्चाची. मॅजिकमध्ये कमाईच्या पानाला जमीन म्हणतात, पोकेमॉनमध्ये ऊर्जा. एका पाळीला असे एकच पान मांडता येते आणि बाकीची जोरदार पाने खेळायला त्यांचा आधार लागतो. नवा खेळाडू संचात सगळी जोरदार पाने भरतो. मग डाव सुरू होतो आणि त्याच्या हातात एकापेक्षा एक पराक्रमी पाने असूनही त्याला एकही मांडता येत नाही.

हे वाचताना दुष्काळी भागातल्या वाचकाला काही आठवले असेल. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बेभरवशाचा. सैन्यातून निवृत्त झालेले अण्णा हजारे १९७५ साली गावी परतले आणि त्यानंतर तेथे श्रमदानातून पाणलोटाची कामे उभी राहिली. पाझर तलाव दुरुस्त झाला, नालाबांध घातले गेले, उतारावर समतल चर खणले गेले, झाडे लागली. त्याचबरोबर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली. विहिरींना पाणी वाढले. पण पाणी वाढले म्हणून गावाने उसाच्या मागे धाव घेतली नाही. पाणी किती आहे हे पाहून पीक ठरवायचे, असा तो हिशेब होता. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी चालवलेल्या पाणी पंचायतीनेही उसाला पाणी नाकारले होते. कमाई आणि खर्च यांचा मेळ घालण्याचा हा धडा पत्त्यांच्या संचाला जसाच्या तसा लागू पडतो. म्हणून शिकण्यासाठी मी जो खेळ येथे सुचवतो आहे, तो राळेगणच्या पाण्यावर बेतला आहे. (राळेगणमध्ये असा खेळ खेळतात असे मात्र समजू नका; तो या लेखासाठी रचला आहे.)

दोघांनी खेळायचे. प्रत्येकाचा संच तीस पानांचा. पानांची नावे आठ. 'पाणी' हे कमाईचे पान. ते हवे तितके घ्या. बाकी सात नावांपैकी कोणत्याही नावाची चारपेक्षा जास्त पाने घेऊ नका. पिके चार आहेत. बाजरीला एक पाणी लागते, गुण एक. ज्वारीला दोन पाणी, गुण दोन. कांद्याला तीन पाणी, गुण चार. उसाला सहा पाणी, गुण नऊ. उरली तीन पाने: 'नालाबांध' एका पाण्यात मांडता येतो आणि पुढच्या पाळीपासून तो स्वतःच एक पाणी म्हणून धरला जातो. 'मोकाट गुरे' हे पान दोन पाण्यांचे. ते टाकले, की समोरच्याचे मांडलेले एक पीक जाते, त्याचे गुणही जातात आणि दोन्ही पाने बाद होतात. 'चराईबंदी' एका पाण्याची. ती मांडलेली असेपर्यंत तुमच्यावर मोकाट गुरे चालत नाहीत.

सुरुवातीला हातात पाच पाने घ्या. नाणे उडवून पहिली पाळी कोणाची ते ठरवा. आपल्या पाळीला एक पान उचलायचे. हातात पाणी असल्यास त्याचे एकच पान मांडायचे. मग मांडलेल्या पाण्यात बसेल तेवढे काहीही खेळायचे. एका पाळीला वापरलेले पाणी पुढच्या पाळीला पुन्हा भरते. प्रथम पंधरा गुण करील तो जिंकला. पाने संपली, तर ज्याचे गुण जास्त तो जिंकला. एवढेच नियम.

पहिले दोन-तीन डाव हातातली पाने उघडी ठेवून खेळा. काय करतो आहोत आणि का करतो आहोत, हे एकमेकांना बोलून दाखवा. विकतच्या कार्डांचा खेळ शिकतानाही हाच मार्ग बरा. नियमांची पुस्तिका पाठ करून कोणीही खेळ शिकत नाही.

आता मोजणे. तीस पानांत पाणी किती ठेवावे? समजा, तुम्ही पाचच ठेवले आणि पंचवीस पाने पिकांची वगैरे भरली. सुरुवातीच्या पाच पानांत पाण्याचे एकही पान नसण्याची संभाव्यता काढू. पहिले पान पाण्याचे नसण्याची ती २५/३०. ते एक गेले, म्हणजे दुसऱ्यासाठी २४/२९, मग २३/२८, २२/२७, २१/२६. या पाच अपूर्णांकांचा गुणाकार करा. उत्तर ०.३७ येते. शंभर डावांपैकी सुमारे सदतीस डावांत तुम्ही कोरड्या हाताने बसाल! आता पाणी बारा ठेवा. अपूर्णांक होतात १८/३०, १७/२९, १६/२८, १५/२७, १४/२६ आणि गुणाकार ०.०६. शंभरातले सहाच डाव. मग वीस पाणी ठेवले तर आणखी चांगले नाही का? नाही. वीस ठेवले, तर पाचही पाने पाण्याचीच येण्याचा प्रसंग शंभरात अकरा वेळा येतो. पाणी भरपूर आणि पेरायला बी नाही, अशी ती अवस्था. म्हणून बाराच्या आसपास, म्हणजे संचाच्या दोन-पंचमांश पाणी, हे सुरुवातीला ठीक पडते. मॅजिक खेळणारेही साठ पानांत चोवीसच्या आसपास जमिनी ठेवतात, प्रमाण तेच. पोकेमॉनमध्ये ऊर्जेची पाने याहून कमी ठेवतात, कारण त्या खेळात एकदम जास्त पाने उचलून देणारी पाने पुष्कळ आहेत. खेळ बदलला, की आकडा बदलतो; मोजण्याची रीत बदलत नाही.

गणिताच्या शिक्षकांना एक विनंती. वरचा गुणाकार फळ्यावर करून दाखवण्याआधी मुलांना पाने पिसून पन्नास वेळा पाच-पाच पाने उचलू द्या आणि किती वेळा कोरडा हात आला ते लिहू द्या. वर्गात दहा गट असतील तर एका तासात पाचशे नोंदी होतील. प्रत्येक गटाचे उत्तर थोडे वेगळे येईल. सर्वांचे मिळून मात्र सदतीस टक्क्यांजवळ येईल. संभाव्यता म्हणजे काय, हे त्या दिवशी मुलांना कळेल.

उसाकडे येऊ. नऊ गुणांचे पान पाहून कोणाचाही हात तिकडे जातो. पण सहा पाणी मांडून व्हायला किती पाळ्या लागतात? पाच पानांपैकी सरासरी दोन पाण्याची, हे प्रमाण धरले तर सहा पाणी मिळायला सरासरी पंधरा पाने पाहावी लागतात. पाच सुरुवातीची आणि दहा उचललेली, म्हणजे दहावी पाळी! नालाबांध हाती आले तर थोडे लवकर. समोरच्याने बारा पाणी, चार बाजरी, चार ज्वारी, चार कांदा, चार नालाबांध आणि दोन मोकाट गुरे असा साधा संच बांधला असेल, तर दहाव्या पाळीपर्यंत तो सरासरीने बारा-चौदा गुणांपर्यंत पोचलेला असतो. तुमचा पहिला ऊस उभा राहतो, तेव्हा त्याचा डाव जिंकत आलेला असतो. आणि तेवढ्यात त्याच्या हातात मोकाट गुरे असली, तर काय होईल ते सांगायला नको. याचा अर्थ ऊस वाईट असा नाही. चार नालाबांध, दोन चराईबंदी आणि दोनच ऊस घेऊन पाहा. पानाची किंमत त्याच्यावर छापलेल्या आकड्यात नसते. ते किती लवकर मांडता येते आणि मांडल्यावर टिकते का, यावर ती ठरते.

चराईबंदीचे पान तर याहून मजेदार आहे. समोरच्याने मोकाट गुरे घेतलीच नसतील, तर तुमची चराईबंदी म्हणजे हातात अडकलेला निव्वळ पुठ्ठा. त्याने चार घेतली असतील, तर तीच चराईबंदी डाव वाचवते. एकाच पानाची किंमत समोर कोण बसला आहे यावर बदलते. म्हणून 'सर्वांत भारी कार्ड कोणते?' या प्रश्नाला उत्तर नाही. कोणासमोर, कोणत्या संचात, कितव्या पाळीला, हे विचारल्याशिवाय तो प्रश्न पुरा होत नाही.

हाच नियम चकचकीत दुर्मीळ कार्डाला लावा. एका मुलाने पुष्कळ पाकिटे फोडून असे एक कार्ड मिळवले आणि साठ पानांच्या संचात घातले. पहिल्या सात पानांत ते येण्याची संभाव्यता ७/६०, म्हणजे शंभरात बारासुद्धा नाही. त्याच्या मैत्रिणीकडे एक साधे पण उपयोगी कार्ड चार प्रती आहे. चारपैकी निदान एक तरी पहिल्या सातांत येण्याची संभाव्यता जवळजवळ ४० टक्के. (गुणाकार करून ताळा पाहा: ५३/६० × ५२/५९ × ५१/५८ × ५०/५७ हे उत्तर एकातून वजा करायचे.) साध्या कार्डाच्या चार प्रती बहुधा एका दुर्मीळ कार्डापेक्षा स्वस्तही पडतात.

दहा-बारा डाव झाले, की संच सुधारायची इच्छा होईल. येथे प्रयोगशाळेचा नियम पाळा; एका वेळी एकच बदल करा. दोन बाजरी काढून दोन नालाबांध घातले, तर बाकी काही हलवू नका. नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. एका वहीत प्रत्येक डावाची नोंद ठेवा: कोण जिंकला, कितव्या पाळीला, हातात शेवटी काय अडकून राहिले. अडकलेल्या पानांचा रकाना सर्वांत उपयोगी ठरतो. मात्र नोंदींवरून घाईने निष्कर्ष काढू नका. दोन अगदी तुल्यबळ संच दहा डाव खेळले, तरी तुमचा संच सात किंवा जास्त डाव जिंकण्याची संभाव्यता १७६/१०२४ असते, म्हणजे साधारण सहात एक. 'दहापैकी सात जिंकलो, म्हणजे माझा बदल बरोबर होता', असे म्हणणारा पुष्कळदा नाण्याच्या कौलाला शास्त्र समजत असतो. खेड्यातला 'अमुक औषधाने माझा ताप उतरला' हा पुरावा याच जातीचा असतो.

पिसण्याविषयी थोडे. डाव संपला, की पाण्याची पाने एकत्र गोळा झालेली असतात. ती तशीच खाली-वर केली, तर पुढच्या डावात पाणी एकगठ्ठा येते आणि वरचे सगळे गणित फसते. पर्सी डायाकोनिस आणि डेव्ह बेयर या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवले, की ५२ पाने दोन भाग करून एकमेकांत फडफडवत मिसळली, तर नीट मिसळायला सुमारे सात वेळा असे करावे लागते. आपण हातात धरून थोडी थोडी वरून टाकतो ती पद्धत याहून कितीतरी मंद आहे. पुठ्ठ्याची पाने फडफडत नाहीत, तेव्हा ती सतरंजीवर पालथी पसरून दोन्ही हातांनी चांगली मिनिटभर घुसळा.

आता ते काउंटरवरचे प्रकरण. बंद पाकिटात काय आहे हे घेणाऱ्याला कळत नाही. विकणाऱ्याचा धंदाच त्या न कळण्यावर चालतो. समजा, पन्नास वेगवेगळी कार्डे आहेत, प्रत्येक सारख्याच संख्येने छापले आहे आणि तुम्ही एकेक कार्ड विकत घेता. सगळी पन्नास जमायला सरासरी किती कार्डे घ्यावी लागतील? पहिली पंचवीस वेगवेगळी कार्डे जमायला सरासरी चौतीस पुरतात. त्यामुळे वाटते, आता थोडेच राहिले. उरलेल्या पंचविसांसाठी मात्र सरासरी आणखी १९१ घ्यावी लागतात! एकूण २२५. अगदी शेवटच्या एका कार्डासाठीच सरासरी पन्नास. खऱ्या पाकिटांत तर दुर्मीळ कार्डे मुद्दाम कमी घातलेली असतात, त्यामुळे आकडा याहून मोठा होतो.

याची परीक्षा फुकटात होते. एक फासा घ्या आणि एक ते सहा हे सगळे आकडे एकदा तरी पडेपर्यंत टाकत राहा. किती वेळा टाकला ते लिहा. असे वीस वेळा करून सरासरी काढा; ती १४.७ च्या जवळपास येईल. सहा आकड्यांसाठी पंधरा वेळा! शेवटचा एक आकडा कसा रुसून बसतो, हे तुम्ही डोळ्यांनी पाहाल. पाकीट फोडणाऱ्याला 'आता येईल, पुढच्यात येईल' असे जे वाटत राहते, ते फाशाला लावून बघा. फाशाला मागचे काही आठवत नाही. लहान मुलांच्या या दुबळेपणावर पैसे मिळवणे मला गैर वाटते. व्हिडिओ गेममध्ये पैसे घेऊन उघडायच्या अशाच बंद पेट्यांना बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ साली जुगार ठरवले. कागदाच्या पाकिटांवर तशी बंदी यावी का, यावर मतभेद होऊ शकतील; पण आत कोणते कार्ड किती क्वचित येते हे पाकिटावर ठळक छापावे, एवढी मागणी तरी वाजवी आहे.

मग जमवणे सोडून द्यायचे का? काडेपेट्यांचे छाप, पोस्टाची तिकिटे, बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे जमवणाऱ्या पिढ्या आपल्याकडे होऊन गेल्या आणि त्यांच्यावर एक उपाय त्यांनीच शोधला होता: अदलाबदल. फाशाचा प्रयोग आता तिघे मिळून करा. प्रत्येकाला सहाही आकडे हवेत, पण एकाला दोनदा पडलेला आकडा दुसऱ्याला देता येतो. तिघांचे मिळून एकट्या-एकट्याच्या चव्वेचाळीसपेक्षा पुष्कळ कमी टाके लागतात. नक्की किती, ते सांगत नाही; टाकून पाहा. अदलाबदल करताना मात्र लहान भावंडांना फसवू नका आणि स्वतःही लगेच हो म्हणू नका. एक रात्र जाऊ द्या. हे कार्ड माझ्या संचात कितव्या पाळीला खेळता येईल, याचे उत्तर सुचले तर सौदा करा. खेळण्यासाठी एखादे ठरावीक कार्ड हवेच असेल, तर ते सुटे विकत घेणे पाकीटामागून पाकीट फोडण्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडते.

जत्रेत दहा-वीस रुपयांना मिळणारी सोनेरी पाकिटे बहुधा नकली असतात. त्यांच्यावरचे आकडे वाटेल तसे छापलेले असतात. कित्येकदा मजकुरालाही अर्थ नसतो. त्यांनी नियमाप्रमाणे खेळायला बसलात, तर अडाल. खरा संच घ्यायचाच झाला, तर नवशिक्यांसाठी बांधलेले तयार संच मिळतात. त्यांत काय आहे ते आधी कळते. दोघांत एक-एक असे दोन संच घेतले, की वर्षभर पुरतात.

पुठ्ठ्याच्या खेळात तुम्ही आपल्या गावाप्रमाणे बदल जरूर करा. कोकणातल्या वाचकांना पाण्याची टंचाई हे कमाईचे पान पटणार नाही. त्यांनी सपाट जमीन हे पान करावे. नाशिककडच्यांनी द्राक्षबाग घालावी. पण तिला किती पाणी आणि किती गुण, हे वीस डाव खेळून ठरवावे. नवे पान फार जोरदार झाले आहे का, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. दोघांपैकी प्रत्येकाला ते चारही प्रती हवेसे वाटू लागले, की त्याचे पाणी एकाने वाढवा. मग आपला संच मित्राला द्या, त्याचा आपण घ्या आणि डाव पुन्हा मांडा.